माझ्या पाठीमागे लावलेले दोन चिमटे

मित्रांनो, मी एक जुना चार्ज कंट्रोलर आहे. नाव कसं भारदस्त, नाही? पण घरात मला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांसाठी मी नुसता 'डबा'. "डबा लाल झाला काय बघ गं," एवढीच काय ती माझी विचारपूस.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गाळ्यात माझा जन्म झाला. संचिता नावाच्या मुलीने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, एक हिरवा आणि एक लाल दिवा बसवला आणि खोक्यात भरताना म्हणाली, "जा बाबा, नाव काढ." तिथून मी आलो तो थेट रतनकाकींच्या वाडीवर.

डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला ही वाडी आहे. पलीकडे वीस-वीस मजल्यांच्या इमारती झगमगतात, पण इथे विजेचा खांब अजून पोचलेला नाही. म्हणून पत्र्यावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी आणि मधे भिंतीवर मी. पॅनेल बिचारं भोळं. ऊन आहे तोवर वीज भरवतच राहतं. बॅटरी भरली की "आता पुरे" म्हणायचं काम माझं. उलट, वापरून वापरून बॅटरी तळाला जायला लागली की मी लाल दिवा लावतो आणि घरातली वीज तोडतो. बॅटरी पार रिकामी होऊ दिली तर तिचं आयुष्यच संपतं. आता सांगा, ऐन रंगात आलेली मालिका बंद करणारा कुणाला आवडेल? शिव्या खाल्ल्या, पण सहा वर्षं एकच बॅटरी टिकवली. फुशारकी म्हणा हवं तर!

गेल्या पावसाळ्यात मानमोडीचा रोग आला आणि रतनकाकींच्या कोंबड्या पटापट गेल्या. सासूबाईंपासून चालत आलेली गावठी जात. एक कोंबडा आणि तीन कोंबड्या तेवढ्या वाचल्या, आणि त्यातली एकही खुडूक होईना. अंड्यांवर बसणार कोण? मग काकींनी बल्बच्या उबेवर अंडी उबवायची एक पेटी आणली, तीत बावीस अंडी मांडली आणि तिची तार मला जोडली. एकवीस दिवस ऊब तुटायला नको होती. रोज सकाळी काकी माझा हिरवा दिवा बघायच्या आणि मगच चहा घ्यायच्या. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

एकोणिसावा दिवस रविवारचा होता. वाडीलगतच्या मैदानात क्रिकेटचे सामने भरले होते. काकींचा दीर सुदेश म्हणजे माइकवरचा हुकमी आवाज. त्याच्या कॉमेंट्रीशिवाय आमच्याकडे चेंडू पडत नाही. काकी भाजीची टोपली घेऊन बाजारात गेलेल्या. सुदेशने भोंग्याच्या मशीनची तार आणून मला जोडली. भार झेपेना, मी वीज तोडली. त्याने पुन्हा चालू केली, मी पुन्हा तोडली.

"च्यायला, या डब्याचं डोकं फिरलंय," तो वैतागला. "डायरेक्टच मारतो."

मित्रांनो, हा 'डायरेक्ट' म्हणजे आमच्याकडचा रामबाण उपाय. फ्यूज उडतो? डायरेक्ट. बटण बिघडलं? डायरेक्ट. सुदेशने दोन चिमटे घेतले आणि माझ्या पाठीमागे सरळ बॅटरीला लावले. ती वीज माझ्यातून जातच नव्हती, मी ती अडवणार कशी? त्यात आभाळ सकाळपासून भरलेलं. तिकडे भोंगा गर्जत होता, "आणि हा गेला चेंडू खाडीपार!" आणि इकडे बॅटरी भराभर खाली चालली होती.

दुपारी ती तळाला टेकली. माझ्यातून आता एकच तार चालू होती, अंड्यांच्या पेटीची. ती तोडायची नव्हती हो मला! पण मला घडवलंच तसं आहे. लाल दिवा लागला आणि पेटीतला बल्ब विझला. भोंगा मात्र उरलीसुरली वीज ओढतच राहिला.

चार वाजता काकी आल्या. पेटीला हात लावला तर गार. "मुडदा बशिवला तुझा! आजच तुला धाड भरली?" म्हणत त्यांनी मला एक धपाटा घातला. मग त्यांची नजर चिमट्यांवर गेली. त्यांनी ते उपटले. मैदानातला भोंगा वाक्याच्या मधेच गप्प झाला.

सुदेश धावत आला. "वहिनी, फायनल चालू हाय!"

"आणि माझी पिल्लं?" काकी अंडी गोधडीत गुंडाळत होत्या. "एक जात उरलेली रे घरातली. दोन दिवस राहिलेले."

सुदेशचा चेहरा पडला. तो तसाच पळाला, आपल्या टेम्पोची बॅटरी काढून आणली आणि चिमटे हातात घेतले.

"खबरदार!" काकी ओरडल्या. "डब्यातूनच जोड."

त्याने निमूट माझ्यातून जोडली. पेटीत बल्ब लागला. फायनल त्या दिवशी कॉमेंट्रीशिवायच झाली.

तेरा पिल्लं बाहेर आली. काकींनी सुदेशच्या ओंजळीत एक ठेवलं, तेव्हा त्याने ते अलगद छातीशी धरलं. नऊ अंडी फुटलीच नाहीत. ती काकींनी शेवग्याखाली पुरली. मग येऊन पदराने माझी धूळ पुसली आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाय रं."

मित्रांनो, घरात कुणी मधेच "पुरे" म्हणालं तर त्याला वळसा घालून जाऊ नका. का म्हणतोय, ते आधी विचारा. काकींनी मला माफ केलं खरं, पण त्या नऊ जिवांची ऊब मीच तोडली होती. तशी वेळ पुन्हा माझ्यावर आणू नका.