राहून गेलेलं पान

‘तुझं पत्र नाही. रागावलीस का?’ एवढंच त्या पत्रात होतं. ते आजींच्या नावानं आलं, आणि आजी तर त्याआधीच गेल्या होत्या. उत्तर द्यायचं ते आजोबांनी. दोन ओळींचं काम, पण त्यांच्याकडून वर्षभर झालं नाही. पत्र मात्र त्यांनी माझ्याच पानांत जपून ठेवलं.

मित्रांनो, मी एक जुना जपानी शब्दकोश आहे. पुठ्ठा सैल झाला आहे, कोपरे मुडपले आहेत. सांगावं असं माझ्या आयुष्यात काही आहे की नाही, कोण जाणे. शब्द माझ्याकडे पुष्कळ, पण वाक्य एकही धड जुळवता येत नाही.

मी नवा कोरा असताना आजींनी मला घरी आणलं. त्या यंत्रांच्या कारखान्यात दुभाषी होत्या. “हा माझा उजवा हात,” असं त्या पाहुण्यांना सांगत, आणि मला कुठे तोंड लपवू असं होई. त्याच कामात त्यांना एक जपानी मैत्रीण मिळाली. पुढे कारखाना सुटला, पत्रं सुटली नाहीत.

आजी गेल्यावर मी कपाटात धूळ खात पडलो. मग त्या मैत्रिणीचं ते पत्र आलं. आजोबा मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेलेली, पण जपानीतलं ओ की ठो कळेना. त्यांनी मला फडक्यानं पुसलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

“फोनला दाखवा ना बाबा, चुटकीसरशी भाषांतर करतो,” लेक म्हणाली.

“तिच्या मैत्रिणीला मी फोनकडून उत्तर देऊ?”

आधी रोज एक पान, मग दोन, मग चार. त्यांचा छापखाना बंद पडला, घर विकलं गेलं, ते लेकीकडे सातव्या मजल्यावर राहायला आले, पण वेग काही कमी झाला नाही. सामानाच्या ट्रकमध्येसुद्धा मी त्यांच्या मांडीवर उघडाच होतो. पत्र वाचता येऊ लागलं. उत्तराचं नाव काढलं की “अजून तयारी नाही” म्हणत ते पुढचं पान उलटत.

एका सकाळी भाजी निवडता निवडता लेकीनं मला समोर ओढलं. “चला बाबा, तोंडी परीक्षा. पास झालात तर मिरवणूक काढू. नदी?”

“कावा.”

“मीठ?”

“शिओ.”

“वा! मरणे?”

आजोबा चष्मा काढून पुसू लागले.

“अहो, मीठ येतं आणि त्याच्या अलीकडचं पान येत नाही?”

“ते पान राहिलं.”

मला ते ठाऊक होतं. तिथं आले की ते दोन पानं एकदम उलटत. त्यांची सगळी घाई कशासाठी होती, तेही मला आता उमगलं. थांबले असते तर ते पान उघडावं लागलं असतं.

लेकीचे हात भाजीतच राहिले. मग ती हळूच म्हणाली, “मी आईचा नंबर अजून काढलेला नाही. लावते कधीकधी.”

“मग?”

“‘बंद आहे’ म्हणते ती बाई. तरी शेवटपर्यंत ऐकते.”

दोघांनी मिळून ते पान उघडलं. आजोबांनी ‘शिनु’, म्हणजे मरणे, हा शब्द मोठ्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि वर्षभर अडलेलं रडू फुटलं. लेकीनं पान तसंच धरून ठेवलं, मिटू दिलं नाही.

मित्रांनो, उपदेश करण्याएवढा मी मोठा नाही. पण जुनी पुस्तकं अधूनमधून उघडत जा. आणि कुणी तुमची वाट पाहत असेल, तर मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, त्याला कळवा.

आजोबांनी लिहिलं, ‘ती रागावली नव्हती. ती वारली. तुमच्या पत्राची ती नेहमी वाट पाहायची.’ जन्मभर चुका तपासणाऱ्या त्या माणसानं ते पुन्हा वाचलंसुद्धा नाही. मला काखेत धरून ते लेकीबरोबर खाली उतरले. टपालपेटीच्या तोंडाशी त्यांचा हात जरा रेंगाळला. मग पाकीट आत पडल्याचा आवाज आला.