माझ्या अंगणात भेटलेली दोन शून्यं

मी एक ऑनलाइन मंच बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण कान भलतेच तिखट आहेत. हवामानाचे संशोधक आणि ज्यांच्या उंबऱ्याशी हवामान येऊन धडकतं ती माणसं, यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मला जन्माला घातलं.

जन्म दिला एका प्रोग्रामर मुलीने. मी तिला आईच म्हणतो. उद्घाटनाच्या दिवशी पंचाईत झाली, फीत बांधायची कुठे? शेवटी संगणकालाच गुंडाळली, आणि तिच्या कार्यालयाच्या साहेबांनी फितीबरोबर माऊसची वायरही कापली. भाषण मात्र वायरीवाचून तासभर चाललं.

पुढे माझे दिवस फिरले. संशोधक आलेख टाकत, खाडीकाठची मंडळी फुलांसकट 'शुभ सकाळ' टाकत, आणि एकमेकांचं कुणी वाचत नसे. साहेब म्हणाले, "पांढरा हत्ती पोसतोय आपण. महिनाअखेर बंद करू." आईने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. मला फार वाईट वाटलं.

आणि त्याच आठवड्यात वादळाची वर्दी आली. भरतीचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बाईंनी लिहिलं, 'उद्या दुपारी पाणी दोन मीटरवर जाईल. खाडीचा दरवाजा बंद ठेवा.'

खाडीच्या तोंडावरच्या त्या लोखंडी दरवाजाचे रखवालदार म्हणजे काका. दरवाजालगतचं पहिलंच घर त्यांचं, आणि तिथे बाळंतपणाला आलेली लेक तान्ह्या मुलीसकट. तरी काका हसले. त्यांनी आवाजी निरोप धाडला, "अहो ताई, दोन तर रोजच्या भरतीला होतं. तेवढ्यासाठी दरवाजा लावला तर होड्या बाहेर अडकतील."

बाईंचा पारा चढला. "काका, मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय? दरवाजाजवळच्या मापाच्या खांबावर डोळ्यांनी बघतो की रोज."

झालं, आता दोघंही उठून जाणार, असं मला वाटलं. माझा जीव टांगणीला लागला. पण बाई थांबल्या. काकांचा 'खांब' त्यांनी नेमका पकडला आणि विचारलं, "तुमच्या खांबावरचं शून्य कुठे आहे हो?"

"कुठे म्हणजे? सगळ्यात खोल ओहोटीला पाणी टेकतं तिथे. तुमचं कुठे असतं?"

"समुद्राच्या सरासरी पातळीला. म्हणजे तुमच्यापेक्षा दीड मीटर वर." बाईंनी घाईने बेरीज केली. "काका, तुमच्या खांबावर उद्या साडेतीन होईल."

काकांचा आवाज एकदम उतरला. "साडेतीनला पहिल्या रांगेत कमरेएवढं पाणी भरतं, ताई. माझी लेक तिथेच आहे."

आणि मग माझ्या अंगणात जी धांदल उडाली! होडीवाल्यांच्या म्होरक्या मावशींनी लिहिलं, 'सगळ्या होड्या सकाळीच आत घेते. काका, तुम्ही दरवाजा लावा.' बाई तासातासाला पाण्याचा अंदाज देत राहिल्या, तोही काकांच्या खांबाच्या मापात. आई माझी तब्येत सांभाळत खुर्चीवरून हलली नाही.

दुपारी समुद्र दरवाजावर धडका देत होता. खांबावर साडेतीनच झालं, ना कमी ना जास्त. दरवाजा तसूभरही हलला नाही. संध्याकाळी काकांनी फोटो टाकला. त्या पहिल्या घराचा उंबरा, कोरडा ठणठणीत, आणि त्यावर सुकत घातलेली बाळाची दुपटी. खाली बोलले, "ताई, नात झोपलीय. बघायला या."

बाई गेल्या. साहेबही गेले आणि "आपला मंच" म्हणत भाषण करून आले. बंद करण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

आज मी गजबजलेला आहे. कुणी आकडा टाकला की पहिलं उत्तर येतं, 'कुठल्या शून्यापासून?' फुलंही येतात, आणि आता बाई ती उघडून बघतात, कारण रोजच्या 'शुभ सकाळ'खाली काका खांबाचा फोटो जोडतात.

तेव्हा मंडळी, माझं एवढंच ऐका. समोरचा हसला तर लगेच रागावून उठू नका. तो कुठून मोजतोय ते आधी विचारा. एका घराचा उंबरा त्या एका प्रश्नाने कोरडा राहिलाय, मी पाहिलंय.