वाकडं फूल

लग्नाचे झगे शिवण्यात माझी हयात गेली. हात थरथरायला लागले तशी मी सुई टाकली आणि अंथरूण धरलं. शेवटी शेजारच्या झुल्मिराने मला ओढतच चर्चच्या ओसरीवर नेलं. ब्राझीलमधल्या आमच्या बाहियातल्या बायका तिथे चिंध्यांची गोल फुलं करून त्यांची गोधडी जोडतात. माझं प्रत्येक फूल वाकडं व्हायचं आणि मी ते उसवायची.

"अगं आउरोरा, तू शिवायला आलीस की उसवायला?"

"वाकडं मी ठेवणार नाही!"

झुल्मिराने माझं फूल हिसकावलं आणि चारी बाजूंनी आपली फुलं त्याला जोडून टाकली. "आता उसव! माझी चारही सुटतील."

मी चिडून कात्री उचलली. मग त्याच कात्रीने मी पुढच्या फुलाचं कापड कापलं.

"उद्या मला ओढायला येऊ नकोस," मी तिला म्हटलं. "माझी मी येईन."