थोरलीचे विषय

भिकननं थोरल्या लेकीच्या, रत्नमालाच्या, बारावीच्या मार्कशीटला लॅमिनेशन करून घेतलं होतं. एक्क्याऐंशी टक्के! मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीत ती न पाहिलेला माणूस उरला नव्हता. टक्के सगळ्यांनी पाहिले, विषय एकानंही वाचले नाहीत, आणि तेवढ्यावरच पोरगी आजवर निभावून नेत होती.

आज धाकट्या सोनियाचा अकरावीचा प्रवेश. पोरीनं कोऱ्या फॉर्मवरच सही ठोकली आणि झेरॉक्सला पळाली. भिकननं तो फॉर्म आणि थोरलीची मार्कशीट, दोन्ही कॉलेजच्या खिडकीत सरकवली.

"सायेब, हिच्यावर बघून तस्संच लिव्हा. थोरली इंजिनिअर व्हनार हाये. धाकलीलाबी त्याच वाटंनं न्यायचंय."

शेजारी उभी रत्नमाला खिडकीकडं सरकली.

अकरावीत गणिताच्या धास्तीनं तिनं त्याच्या जागी भूगोल घेतला होता. घरी सांगायचं आज-उद्या करता करता दोन वर्षं सरली. इंजिनिअरिंगच्या सीईटीत गणित असतं. सीईटीच्या दिवशी परीक्षेला म्हणून निघालेली ती उस्मानपुऱ्यात मैत्रिणीकडं बसून परत आली. आबा मात्र आल्यागेल्याला पेढे वाटायच्या गोष्टी करत होते.

क्लार्क मार्कशीटवर बोट ठेवून उतरवू लागला. इंग्रजी. मराठी. फिजिक्स.

गप्प बसलं तर आजचा दिवस सुटत होता. पण सोनिया? भांडी घासताना मनातल्या मनात गणितं सोडवणारी, दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव पाडणारी सोनिया? केमिस्ट्री. बायोलॉजी.

"भूगोल," क्लार्क पुटपुटला.

"तिथं गणित लिव्हा."

आपणच बोललो हे रत्नमालाला क्षणभर कळलं नाही.

"मार्कशीटवर तर भूगोल आहे."

"माझं चुकलंय ते."

भिकन वळला. "काय चुकलं गं?"

"आबा, इंजिनिअरिंगला गणित लागतं. मी घेतलंच नाय. सीईटीबी दिली नाय. खोटं बोलले मी."

रांगेतून कुणीतरी "आवरा की!" म्हणून ओरडलं. आबा आता हात उगारतील, म्हणून तिनं डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर शाळेची पायरी न चढलेला तिचा बाप खिडकीतून परत घेतलेली मार्कशीट अगदी तोंडाजवळ धरून बघत होता.

"कुठल्या वळीत पायजे व्हतं ते?"

तिनं बोट भूगोलावर ठेवलं.

भिकननं ती ओळ अंगठ्यानं एकदा पुसून पाहिली.