माझा पोचा काढू नका

मी गोजराबाईचा हंडा बोलतोय. तांब्याचा. पोटाला केवढा हा पोचा, म्हणून हळहळू नका. आधी ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

नाशकाच्या तांबट लेनीत माझा जन्म झाला. ठोके खातखातच मी गोल झालो, त्यामुळे माराला भिणं मला मुळात ठाऊक नाही. गोजराच्या वडिलांनी मला घेतलं आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी लेकीचं नाव घालून दिलं. पेठ रस्त्यावरच्या तिच्या सासरी मी एस.टी.च्या टपावर बसून गेलो. नव्वद साल नुकतंच सरलं होतं.

गोजराबाई उपासतापास करणारी. सोमवार, मंगळवार, मार्गशीर्षातले गुरुवार, एक चुकवायची नाही. सकाळी आंघोळ करून मला भरायची, पहिला तांब्या देवीला, मग घराला. "रिकामा हंडा आडवा करू नये, घर रितं होतं," असं म्हणायची. मला तिनं कधी आडवं केलं नाही.

घर रितं केलं ते तिच्या नवऱ्यानं, सहादूनं. माणूस वाईट नव्हता हो. द्राक्षबागेत छाटणीला त्याच्यासारखा हात नव्हता. पण गावात देशी दारूचं दुकान आलं आणि त्याच्या पायांना घरची वाट सापडेना. आधी समई गेली, मग परात. एकदा गोजराबाई माहेरी गेली असताना त्यानं मला खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, आज स्वारी पाण्याला निघाली वाटतं! स्वारी थेट दुकानात.

तिथं मला दाराशी मांडलं. पिणारे माझ्यात गिलास बुडवायचे आणि पाणी दारूत ओतायचे. मी पाहिलंय, माणूस पहिल्या गिलासाला हसतो, दुसऱ्याला गातो, तिसऱ्याला आईला आठवून रडतो. आणि घरी जाऊन बायकोला मारतो. मला शरम नाही वाटली, संताप आला. पाणी देणं माझा धर्म. ते कशात ओतायचं हे मी ठरवलं नव्हतं.

गोजराबाई माहेराहून आली, मोकळा कोपरा पाहिला आणि भर दुपारी दुकानात शिरली. आत सहादू बसलेलाच होता.

"वहिनी, बायामाणसांनी इथं यायचं नसतं," दुकानवाला शेठ म्हणाला.

"मला कुटं यायचं व्हतं? माजा हंडा आला, म्हनून आले."

"मालकांनीच आणून दिलाय तुमच्या."

"मालक माजे असतील, हंड्याचे नायत. नाव वाचा की."

शेठनं माझा काठ धरला. तिनं हिसका दिला. मी दगडी पायरीवर आदळलो, हा पोचा तेव्हाचा. तिनं उरलंसुरलं पाणी शेठच्या उंबऱ्यावर ओतलं आणि मला डोक्यावर घेतलं. सहादू गिलासात बघत राहिला.

घरी येऊन तिनं देवीपुढं हात जोडले. "आई सप्तशृंगी, हे दुकान बंद कर. याच हंड्यातल्या पान्यानं तुला न्हाऊ घालीन."

पुढं दोन हजार साल उलटल्यावर सरकारनं तशी सोय काढली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. जी येणार नाही, तिचं मत उभ्या बाटलीच्याच पदरात. बायांनी अर्ज केला, तारीख लागली.

गोजराबाईनं अंगणात गेरूनं दोन बाटल्या काढल्या, एक उभी, एक आडवी. बायांना म्हणाली, "लावा कुंकू, कुनावर शिक्का मारनार ते." आणि बघते तर काय, सगळ्यांनी उभीवर कुंकू लावलेलं!

शेजारची म्हातारी तानुबाई वर तिलाच ओरडली, "पूजेतला कलश आडवा झाला तर केवढा अपशकुन! आन् तू आडव्यावर कुंकू लावाया सांगती?"

गोजराबाईलाही ते पटत होतंच ना! मग म्हणाली, "मावशे, गडावर लोटांगन घातलंस, ते उभ्यानं घातलंस व्हय?"

तानुबाई बोळकं उघडून हसली. "मेली, कुटनं शोधून काढती!"

मतदानाच्या सकाळी शेठची जीप आली. सप्तशृंगी गडावर फुकट दर्शन, वर साबुदाण्याची खिचडी. देवीचं बोलावणं म्हणून भोळ्या बाया चढल्या, तानुबाई सगळ्यात पुढं. आता कसल्या त्या संध्याकाळच्या आत परत येतात!

गोजराबाई धावत घरात आली. मला रिकामं केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला आडवं केलं, तेही भर रस्त्यात, जीपच्या तोंडाशी.

"बाई, हंडा उचला," ड्रायव्हर ओरडला.

"मी नाय उचलायची. रिकामा हंडा आडवा आलाय. जिला अपशकुन घिऊन आईकडं जायचंय तिनं खुशाल जावं."

मग तानुबाई काठी टेकत उतरली. "उतरा गं! आशानं कुटं दर्शन घडतं व्हय?"

"आन् खिचडी?"

"खिचडी घरी कर. हितनं सरळ चावडीवर, मताला!"

दुकान बंद झालं. त्या सांजेला बायांनी थाळ्या बडवल्या, पार गावच्या वेशीपर्यंत.

नवस फेडायला मला गावातल्या देवीच्या देवळात नेलं, तर एकजण म्हणाला, "गुत्त्यावरचा हंडा देवीला?"

गोजराबाई म्हणाली, "गुत्त्यावरचा नवरा कुंकवाला चालतो, आन् हंडा देवीला चालत नाय?" देवी माझ्याच पाण्यानं न्हाली.

सहादू काही लगेच सुधारला नाही. पुढच्या गावाला जाऊन प्यायचा. शेवटी देवळाली कॅम्पातला एक जुना सोबती त्याला नाशकाच्या इंदिरानगरात घेऊन गेला. तिथं दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात, आपलं आपण सांगतात. आता तो दर आठवड्याला जातो. "मी सहादू. मी बेवडा. आज प्यालो नाय," एवढंच बोलतो. गोजराबाई म्हणते, "तुमचं बी व्रतच की ओ. आजचा संकल्प आज, उद्याचा उद्या."

मध्यंतरी त्यानंच मला तांबट लेनीत नेलं, पोचा काढायला. तांबटानं हातोडी उचलली, तशी बरोबर आलेल्या गोजराबाईनं माझ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. भांडून पडलाय तो."

आता मी तिच्या दाराशी उभा आहे, काठोकाठ भरलेला. रोज सकाळी सहादू तांब्या बुडवतो, तेव्हा त्याचा दुसरा हात बरोबर त्या पोच्यावर टेकतो. पाणी पितो आणि बागेत जातो.

म्हणून सांगतो, माझा पोचा काढू नका. आणि तुमच्या गावात बाटली अजून उभी असेल, तर मला न्यायला या. रस्त्यात आडवं पडायला मी आजही तयार आहे.