पत्रावळीवाली

खोटं बोलायचंच तर पचेल एवढंच बोलावं. सारिका मात्र थेट कानबाईच्या दारात, सगळ्या भाऊबंदांदेखत बोलून बसली. याला माया म्हणायचं की अक्कल गहाण टाकणं, तुम्हीच ठरवा.

हेमलता आठ वर्षांची, साक्रीपलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, भिल्लाची पोर. आई गेलेली, बाप पुन्या आजारी होऊन दवाखान्यात, आजी मोगराबाई मजुरीवर. म्हणून बालकल्याण समितीने तिला धुळ्याला, सारिका आणि जितेंद्रकडे सांभाळायला दिलं होतं. दत्तक नव्हे, बाप बरा होईपर्यंत. पण पोटी मूल नसलेल्या सारिकाचा जीव तिच्यात असा गुंतला, की हे 'होईपर्यंत' तिला ऐकवेना. पोर 'काकू' म्हणायची, तेही तिला खुपायचं.

श्रावणात कानबाई या कुलदेवीच्या उत्सवासाठी साक्रीजवळ सासरच्या गावी जायचं होतं. कानबाईच्या नैवेद्याचे रोट कुळातल्यांनीच खायचे. बाहेरच्याच्या तोंडी कण लागू द्यायचा नाही, जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात पुरायचं. सगळी पंगतीला बसणार आणि हेमलता एकटी ओट्यावर? सारिकाला ते सोसेना. गेल्या गेल्या तिने सगळ्यांदेखत सासूला, सुंदरबाईला सांगून टाकलं, "ही रावेरकडच्या आपल्याच भाऊबंदाची आहे." जितेंद्र खाली मान घालून चपला काढत राहिला. पोरीला तर तिने बसमध्येच पढवलं होतं, "पाड्याचं नाव काढायचं नाही. आजीचंही नाही." पोरीने मान डोलावली होती.

पण त्याआधीच हेमलताने आजीला फोनवर सांगून ठेवलं होतं, मी तुझ्या पाड्याजवळ, काकूच्या सासरच्या गावी येतेय.

पंगत बसायला आणि मोगराबाई अंगणात यायला एकच गाठ पडली. अनवाणी पाय, गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळभर गोंदण, काखेत पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा. पोरीला पाहून तिचा चेहरा उजळला.

"हाई कोण शे व?" सुंदरबाईने हेमलताला विचारलं. "तुन्ही काय लागस?"

हेमलताने आजीकडे पाहिलं, मग सारिकाकडे. सारिकाने नजर फिरवली. एवढंच केलं तिने, दुसरं काही नाही.

"मी नाही ओळखत," हेमलता म्हणाली.

 मोगराबाईने गठ्ठा ओट्यावर ठेवला. "मी पत्रावळी इकाले उनू, माय," ती म्हणाली आणि मोलभावासाठीही न थांबता चालू लागली.

बायांनी त्याच पत्रावळी मांडल्या. हेमलतापुढे रोट वाढला गेला. ती सारिकाच्या कानाला लागली. तिचे डोळे शाबासकीसाठी आसुसले होते.

"आई, मी बरोबर बोलले ना?"

इतके महिने हाच शब्द ऐकायला सारिकाचे कान आतुरले होते. आज तो मिळाला आणि तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीला तिने जेवू घातलं होतं, न्हाऊ घातलं होतं आणि वर स्वतःच्या माणसांची लाज धरायलाही शिकवलं होतं.

ती भरल्या पानावरून उठली. "ती हिची आजी आहे," सारिका सगळ्यांसमोर म्हणाली. "मी खोटं बोलले. ही आपल्या कुळातली नाही." सुंदरबाई कपाळाला हात लावून ओरडायला लागली. सारिकाने ते ऐकून घेतलं नाही. हेमलताचा हात धरून ती तशीच एसटी थांब्याकडे धावत सुटली.

थांब्यावर मोगराबाई एकटी बसली होती. दोघींना येताना पाहून ती दचकून उभी राहिली. तिने नातीकडे पाहिलंच नाही. आसपास कोणी नव्हतं, तरी हात जोडून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं तिने सारिकाला विचारलं,

"पत्रावळी कमी पडन्यात का, बाई?"