पानाच्या शिरांचं प्रात्यक्षिक

वनस्पतिशास्त्राच्या बाईंना एका जागी बसवत नसे. वर्गात शिकवताना फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत, आणि घरी फोनवर बोलता बोलता त्या कुंड्यांमधली माती उकरत असत. अशा बाईंनी एक भलंमोठं काम अंगावर घेतलं. ठिकठिकाणच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांकडे पडून असलेलं चांगलं साहित्य, म्हणजे स्लाइड, आकृत्या, प्रात्यक्षिकं, सूक्ष्मदर्शकातून घेतलेले व्हिडिओ, हे सगळं एका ऑनलाइन ग्रंथालयात आणायचं आणि कुणालाही फुकट वापरू द्यायचं.

साइट बांधायला घरातलंच माणूस मिळालं. धाकटी नणंद सॉफ्टवेअरमध्ये होती. घरात तिला सगळे चिंगी म्हणत. चिंगीने साइट हां हां म्हणता उभी करून दिली. घोडं अडलं ते बाईंपाशी. शिक्षकांनी पाठवलेला प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायचा, आणि एकदा गेलेला पुन्हा यायचा. कुठे एखाद्या आकृतीतला बाण त्यांना खुपायचा, कुठे वाक्य. एक अर्धं सोडून त्या दुसऱ्याला हात घालायच्या. सत्र तोंडावर आलं, शिक्षक विचारून विचारून थकले. चिंगीने विचारलं की बाई म्हणत, थोडंच राहिलंय. बाईंचा नवरा, म्हणजे चिंगीचा दादा, बायको आणि बहीण एकाच टेबलाशी बसलेल्या दिसल्या की आपला चहा उचलून गॅलरीत जायचा.

शेवटी चिंगीने कुणाला न विचारता साइट खुली केली. दुसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. बाई ताट तसंच ठेवून उठल्या आणि लॅपटॉप उघडला. कुठले कुठले शिक्षक धडे उतरवून घेत होते. बाईंना राग आला होता, आणि आतून गुदगुल्याही होत होत्या. कुठली भावना धरावी ते कळेना, म्हणून बाहेर गेलेलं सगळं त्यांनी पहिल्यापासून तपासायला घेतलं.

पानाच्या शिरांच्या प्रात्यक्षिकापाशी येऊन त्या थांबल्या. पानातला हिरवा रंग काढायला ते अल्कोहोलमध्ये उकळतात. अल्कोहोलचं भांडं कधीही थेट आचेवर ठेवायचं नसतं, गरम पाण्यात ठेवायचं असतं, नाहीतर भडका उडतो. नेमकी तीच ओळ तिथे नव्हती.

साइट बंद करून चिंगीने ते प्रात्यक्षिक कुणी कुणी उतरवून घेतलंय ते शोधून काढलं आणि दोघी फोनला बसल्या. बहुतेकांनी अजून हात लावला नव्हता. दुसऱ्या गावातला एक तरुण शिक्षक मात्र फोन उचलत नव्हता. बाई स्वयंपाकघरात जात, कशाला आलो ते विसरत, परत येत. संध्याकाळी त्याचाच फोन आला. भडका उडाला होता. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने ओलं फडकं टाकून तो विझवला, पण एका मुलीचं उजवं मनगट भाजलं होतं. शिक्षक स्वतःलाच बोल लावत होता. त्याचा विषय जनुकांचा, हे प्रात्यक्षिक तो पहिल्यांदाच घेत होता. तुमच्या ग्रंथालयात आहे म्हणजे तपासलेलंच असणार, असं धरून चाललो, म्हणाला.

फोन ठेवला आणि बाईंना आठवलं. ज्या ज्येष्ठ सरांनी ते प्रात्यक्षिक पाठवलं होतं, त्यांच्या लिखाणात ती ओळ होती. वाक्य लांबलचक आणि ओबडधोबड होतं. नीट लिहू म्हणून बाईंनीच ते काढलं होतं, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

सगळ्या शिक्षकांची ऑनलाइन बैठक बोलावली गेली. चिंगीने सुरुवातीलाच सांगून टाकलं की तपासणी पूर्ण होण्याआधी साइट तिने उघडली, दोष तिचा. कुणी फारसं काही म्हटलं नाही. विषय तिथेच मिटला असता. पण बाई खुर्चीतून उठल्या, त्यामुळे पडद्यावर त्यांचं डोकं दिसेना, नुसता गळ्यात लोंबणारा चष्मा दिसायला लागला.

"ती ओळ सरांनी लिहिली होती," त्या म्हणाल्या. "मी काढली आणि परत घातली नाही. हिने घाई केली हे खरं. पण हिने महिन्याने उघडली असती तरी ती ओळ तिथे नसती."

मग ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, "माझी भाषा चांगली नाही, मला ठाऊक आहे. पण माझ्या वाक्याने आजवर कुणी भाजलं नव्हतं."

बाईंनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. यापुढे कुठलंही प्रात्यक्षिक दुसऱ्या कॉलेजातल्या कुणीतरी निव्वळ लिहिलेलं वाचून प्रत्यक्ष करून बघायचं आणि मगच ते साइटवर घालायचं, असं ठरलं. शेवटचा शब्द आता बाईंचा राहिला नाही. ते त्यांना झोंबलं.

बैठक संपल्यावर चिंगी म्हणाली, "वहिनी, तू गप्प बसली असतीस तरी मला चाललं असतं."

"तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."



बाई बसने त्या भाजलेल्या मुलीच्या गावी गेल्या. दारात मुलीची आई उभी होती. मुलीला शिकायला पाठवलंय, भाजून घ्यायला नाही, एवढं एकच वाक्य तिने ऐकवलं आणि दारातून बाजूला झाली. मुलीने मनगटाचा विषयच काढला नाही. ती विचारत होती, पानाचं पुढे काय झालं? शिरा दिसल्या का? कुणीच पाहिल्या नव्हत्या.

जखम सुकत आल्यावर, आईला विचारून, बाईंनी तिला तिच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. तरुण शिक्षकाने पाणी गरम केलं, त्यात भांडं ठेवलं. पानाचा रंग हळूहळू उतरला. मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली ती उठेचना. शिरांचं जाळं काठापर्यंत पसरलेलं तिला दिसत होतं. मग तिने लॅपटॉपवरचा मजकूर वाचला आणि म्हणाली, "इथे लिहिलंय पान पांढरं होईपर्यंत. पण पांढरं नाही होत मॅडम, पिवळटच राहतं. मी असते तर उकळतच बसले असते."

बाईंच्या तोंडावर आलं होतं की मी बदलते. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. मुलीने डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, नवी ओळ लिहिली. त्या ओळीत एक काना राहून गेला होता. तो बाईंनी तेवढा दाखवला.